उडालेला काळा रंग आणि विकणाऱ्याचा खरेपणा

अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे नवलाचे नाही. उन्हात उभ्या बंद मोटारीच्या आत तर याहून कितीतरी अधिक तापते. काळ्या डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. असे आठ-दहा उन्हाळे काढले की डॅशबोर्ड, दारांच्या कडा, खिडकीखालची पट्टी भुरकट पडते. मालक म्हणतो, रंग उडाला.

खरे तर रंग फारसा उडालेला नसतो. या प्लॅस्टिकला काळेपणा बहुधा त्यात मिसळलेल्या काजळीमुळे येतो आणि ती आतच असते. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, वरच्या थरात बारीक भेगा पडतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि काळे ते करडे दिसते. खोबरेल तेल किंवा बाजारातले सिलिकॉनचे पॉलिश लावले की भेगा भरतात आणि काळेपणा 'परत' येतो. काही आठवड्यांनी तेल सुकते, धूळ धरते, आणि करडेपणा पुन्हा वर येतो. म्हणजे झीज भरून निघत नाही. ती फक्त दिसेनाशी होते.

गाडी स्वतःच वापरायची असेल, तर यात नीतीचा प्रश्न उरत नाही. पण बहुतेक गाड्यांचे प्लॅस्टिक चकाकते ते विक्रीच्या आदल्या दिवशी. तेव्हा हे पॉलिश म्हणजे नीटनेटकेपणा की खोटे?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात एक घोडा आहे. विकणाऱ्याला ठाऊक आहे की घोडा सदोष आहे; लिलावात तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण विकत घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर बोलणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे मात्र कुणाच्याही बाबतीत फसवणूकच. भुरकट प्लॅस्टिक तसेच ठेवून गप्प बसणे हे मौन झाले. तेल चोळणे हे मौन नव्हे, ती कृती आहे.

तरी प्रत्येक सजावट लबाडी नसते. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतात, त्यांना बेगड लावतात. त्यावरून कुणी बैलाचे वय ठरवत नाही, कारण तो सण आहे हे सगळ्यांना कळते. त्याच बैलाची शिंगे बाजाराच्या आदल्या दिवशी वय लपवायला तासली, तर शेतकरी त्याला लबाडी म्हणेल. म्हणूनच तो शिंगांवर न विसंबता दात पाहतो. कृती जवळपास तीच. समोरच्याने त्यावरून काय समजावे अशी आपली इच्छा आहे, यावर तिची नीती ठरते. भुरकट डॅशबोर्ड सांगतो की ही गाडी वर्षानुवर्षे सावलीविना उभी होती. हे सांगणारा साक्षीदार आपण गप्प करतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. विक्रीआधी सगळेच चमकवतात, हे घेणाऱ्यालाही माहीत असते. तो ते धरूनच भाव करतो. मग न चमकवणाऱ्या प्रामाणिक माणसालाच तोटा. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवले, की घेणाऱ्याला चांगली-वाईट गाडी ओळखता आली नाही, तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून चमकवण्याची सक्ती सिद्ध होते, लपवण्याची नाही. पॉलिश करावे आणि सांगावे: 'प्लॅस्टिकला पॉलिश मारलंय बरं, गाडी दहा वर्षं उन्हातच उभी होती.' यात भावातले दोन-चार हजार जातील, पण ते न सांगता मिळालेले दोन-चार हजार आपले नव्हतेच. ते बहुधा अशा घराच्या खिशातून आलेले असतात, ज्याची ही पहिलीच चारचाकी असते आणि ज्याच्या ओळखीत तपासून देणारा मेकॅनिक नसतो. अनुभवी माणूस पेडलचे झिजलेले रबर पाहून गाडी ओळखतो. पॉलिशने फसतो तो नवखाच. कायद्याच्या उदाहरणात बोलण्याचे कर्तव्य मुलीच्या बाबतीत धरले आहे. नीती विचारते, नवखा माणूस तिच्याहून फार वेगळा आहे का?

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा हातातल्या खराट्याने गावे झाडत. झाडण्याने आत असलेले दिसू लागते. मुलाम्याने ते दिसेनासे होते. गाडी विकायला काढताना साबणपाणी आणि ओले फडके बेलाशक घ्यावे. धूळ गाडीची नव्हती, ती गेलीच पाहिजे. करडेपणा मात्र गाडीचा आहे, तिने सोसलेल्या उन्हाचा आहे. त्यावर तेल लावायला हरकत नाही. फक्त त्या तेलाची गोष्ट किल्लीबरोबर द्यावी.