तिसरा वाटा कुणाचा?

४० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट. श्वासागणिक टाकीतली हवाही पाचपट सरते. म्हणून गुहेत उतरणारे पाणबुडे हवेचे तीन वाटे करतात: एक जायला, एक यायला, एक राखीव. हा तिसरा वाटा आपल्या पाठीवर असला, तरी माझ्या मते ती जोडीदाराची ठेव आहे. कुणी म्हणेल, ही निव्वळ देवघेव. उद्या तोही देईल. पण हवा संपलेल्या माणसाकडे त्या घटकेला परत द्यायला असतं काय? थेट वर पळावं, तर अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणूनच शरीरक्रियाशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं मांडली. तेव्हा तोंडातला रेग्युलेटर जोडीदाराला द्यायचा, आपण दुसरा धरायचा, आणि सहा मीटरवर दोघांनी एकाच टाकीवर मिनिटं मोजत थांबायचं.