हद्द ठरवणाऱ्यांवर देखरेख कोणाची?

आपल्याकडे बांधाचा वाद झाला की भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे पैसे भरायचे आणि सरकारी भूकरमापक येण्याची वाट पाहायची. अमेरिकेत हे काम खासगी सर्वेअर करतो. जमीन घेणारा त्याला नेमतो, तो जुने दस्त वाचतो, खुणा शोधतो आणि नकाशावर सही-शिक्का करतो. त्या सहीला वजन येते राज्याच्या परवान्यामुळे. परवाना देणारे मंडळ मात्र चालते परवानाधारकांच्याच पैशावर आणि बहुतेक राज्यांत त्यांच्याच व्यवसायबंधूंच्या हातांनी.

परवाने आले त्याला सबळ कारण होते. कॅलिफोर्नियाने 1891 मध्ये सर्वेअरांना परवाने द्यायला सुरुवात केली. वायोमिंगने 1907 मध्ये अभियंते आणि सर्वेअर दोघांसाठी कायदा केला, तो पाण्यापायी. त्या कोरड्या राज्यात पाण्याच्या हक्कासाठी नकाशा जोडावा लागे आणि वकील, नोटरी, कोणीही स्वतःला अभियंता म्हणवून त्यावर सही करी. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांनी ते थांबवण्यासाठी कायद्याचा आग्रह धरला. हद्दीतली चूकही अशीच. ती आज दिसत नाही; वीस वर्षांनी कोणी कुंपण घालायला निघाले की दिसते, आणि भोगतो तो शेजारी, ज्याने त्या सर्वेअरला कधी नेमलेच नव्हते. 'गिऱ्हाईक पारखून घेईल' हा युक्तिवाद म्हणूनच इथे टिकत नाही. परवाना हवाच.

प्रश्न पैशाचा आणि खुर्चीचा आहे. अर्जाचे आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरणाचे शुल्क हे मंडळाचे मुख्य उत्पन्न. कॅलिफोर्नियात ते वेगळ्या निधीत जमा होते, सर्वसाधारण करातून मंडळाला काही मिळत नाही. मला हे रास्त वाटते. ज्याला परवान्याचा लाभ, त्याने खर्च उचलावा. पण राज्याची तिजोरी आटली की सरकारचा हात अशा निधीकडे वळतो, आणि ते मला मुळीच पटत नाही. तक्रारींच्या चौकशीसाठी घेतलेला पैसा चौकशीवरच खर्च व्हावा.

सर्वेअर संख्येने थोडे, त्यामुळे त्यांचे स्वतंत्र मंडळ चालवणे जड जाते. टेक्ससने 2019 मध्ये त्यांचे मंडळ अभियंत्यांच्या मोठ्या मंडळात विलीन केले. खर्च वाटला गेला, पण सर्वेअर त्यात अल्पसंख्य झाले.

खुर्चीचा प्रश्न अधिक अवघड. ऑरेगनमध्ये अभियांत्रिकी आणि भूमापन मंडळाने एका माणसाला 500 डॉलर दंड केला. सिग्नलच्या पिवळ्या दिव्याचे गणित चुकीचे आहे, असे त्याने मांडले होते आणि आपण अभियंता असल्याचे लिहिले होते, परवाना नव्हता. त्याने न्यायालयात दाद मागितली आणि 2018 मध्ये तो जिंकला. मिसिसिपीत एक छोटी कंपनी दस्तातल्या चतुःसीमा उपग्रहचित्रावर रेखून बँकांना देत असे. मंडळाने 2017 मध्ये तिच्यावर दावा लावला. 2020 मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की असा परवाना अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर तपासावाच लागेल. नॉर्थ कॅरोलिनात मात्र ड्रोनने मोजमापासह नकाशे करणाऱ्याविरुद्ध 2024 मध्ये अपील न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. माझ्या मते परवान्याची सक्ती हद्दीची खूण आणि त्यावरची सही इथवरच असावी. बँकेच्या फायलीतल्या चित्राने कोणाचा बांध सरकत नाही.

धंद्यातलीच माणसे धंद्याचे दरवाजे राखत असतील, तर संशय येणारच. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले की ज्या मंडळावर त्याच व्यवसायातल्या लोकांचा ताबा आहे, त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट हवी असेल, तर राज्याची सक्रिय देखरेख लागेल. सर्वेअरांच्या मंडळांनाही हे लागू पडते. त्याच राज्याच्या घटनेत एक तरतूद आहे, जी मला सर्वत्र यावीशी वाटते: दिवाणी दंडाची निव्वळ रक्कम सरकारी शाळांना जाते. दंड करून मंडळाची पेटी भरत नसेल, तर दंडामागचा हेतूही स्वच्छ राहतो.

कॅलिफोर्नियाच्या मंडळावरील 15 जागांपैकी 8 व्यवसायाबाहेरच्या नागरिकांसाठी राखीव आहेत आणि बैठका सर्वांना खुल्या असतात. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी एखाद्या बैठकीला जाऊन बसावे, प्रश्न विचारावेत. आणि नागरिकांच्या जागेसाठी पात्र असाल, तर अर्जही करावा.