बुद्धी मोठी, वय लहान

१९१० च्या जानेवारीत हार्वर्ड विद्यापीठाच्या गणित मंडळापुढे ११ वर्षांच्या विल्यम सिडिसने चतुर्मितीय आकृतींवर व्याख्यान दिले. वृत्तपत्रांनी त्याचा उदोउदो केला. श्रोते पुष्कळ लाभले. खेळगडी मात्र त्या वर्गात कोठून मिळणार? पुढे गणिताकडे पाठ फिरवून, किरकोळ कारकुनी करीत तो प्रसिद्धीपासून लपत राहिला आणि १९४४ साली, ४६ व्या वर्षी निधन पावला.

अशी मुले उपजतच एकलकोंडी असतात, असे म्हणून आपण मोकळे होतो. खरे पाहता त्यांची अडचण निराळी आहे. खेळायला समवयस्क हवा, बोलायला समसमान समजेचा. सामान्य मुलाला दोन्ही एकाच सवंगड्यात सापडतात, त्यांना सापडत नाहीत. म्हणून त्यांना दोन्हीकडे वाट मोकळी करून देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते. मैत्रीसाठी मुलाने बुद्धी लपवू नये, तसेच बुद्धीपायी त्याचे बालपणही आपण हिरावून घेऊ नये.

बुद्धी हे देणे आहे, मूल हे प्रदर्शन नव्हे. निकालाच्या दिवशी आपण गुण विचारतो, एरवी संध्याकाळी, “आज कोणाबरोबर खेळलास?” हेही विचारावे.