परंपरा घरी करता येते का?

"परंपरा ही वारशानं मिळते हो. ती ठरवून सुरू करायची म्हणजे निव्वळ नाटक!" आमच्या मंडळाच्या कोजागिरीला, मसाला दुधाचा पेला हातात घेऊन एका ज्येष्ठ काकांनी हे वाक्य टाकलं, आणि विषय संपला असं त्यांना वाटलं. निमित्त होतं त्यांच्याच घरातलं. त्यांच्या सूनबाईंनी दर सप्टेंबरात सगळ्यांनी मिळून सफरचंदाच्या बागेत जायचं, पिशव्या भरून सफरचंदं तोडून आणायची आणि त्या रात्री सफरचंद घालून शिरा करायचा, असा नेम सुरू केला होता. "याला परंपरा म्हणायचं? उद्या पिझ्झाचा नैवेद्य दाखवाल," काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. पण गाडी चालवत घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. परंपरा खरी कशानं ठरते? तिच्या वयानं?

वयाचंच बघायचं तर आपल्या उपासाच्या ताटापासून सुरुवात करू या. साबुदाण्याच्या खिचडीइतका सनातन पदार्थ आपल्या डोळ्यांसमोर दुसरा येत नाही. आता तिच्यातले जिन्नस बघा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच, बटाटा तिथलाच, हिरवी मिरचीही अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतरच्या काळात हे सगळं हळूहळू आपल्याकडे आलं. तमिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले तेही १९४० च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धात बाहेरून येणारा साबुदाणा बंद झाल्यावर. म्हणजे ज्ञानेश्वर-तुकारामांच्या एकादशीला ही आपली खिचडी नव्हती. जिरं आणि तूप तेवढं जुनं! तरीही माझ्या आजीची आषाढी खोटी होती असं म्हणायला माझी जीभ धजावणार नाही. एकादशी जुनी, ताट नवं, आणि दोन्ही खरं.

इथली गोष्ट तर आणखी मजेची आहे. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर टर्कीशेजारी जे ग्रीन बीन कॅसरोल असतं, ते १९५५ साली कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली नावाच्या बाईंनी तयार केलं. हेतू अगदी सरळ होता: कंपनीचं मश्रूम सूप खपावं आणि गृहिणीला घरातल्या चार डब्यांतून पटकन काहीतरी करता यावं. आज ते नसेल तर आमच्या शेजारच्या आजीबाईंना सण झाल्यासारखं वाटत नाही. जाहिरातीतून जन्मलेली गोष्ट दोन पिढ्यांत आजीच्या आठवणीत जाऊन बसली. तेव्हा 'ठरवून' सुरू झालं म्हणून खोटं, हा निकष काही टिकत नाही. कुठलीही परंपरा कधीतरी कुणीतरी पहिल्यांदाच केलेली असणार. आपल्याला फक्त त्या व्यक्तीचं नाव माहीत नसतं.

मग सवय आणि परंपरा यांत फरक काय? आमच्या घरातलं एक उदाहरण सांगते.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. मुलगी पहिलीत होती त्या वर्षी मोसमातला पहिला बर्फ असा पडला की गाडी बाहेर काढायची सोय राहिली नाही. आठवड्याची खरेदी व्हायची होती. घरात निघालं काय, तर डाळीचं पीठ, दोन कांदे, लसूण आणि तांदूळ. पिठलं-भात केला, वर तूप, बाजूला लोणचं, आणि खिडकीशी बसून जेवलो. पुढच्या वर्षी पहिला बर्फ पडला तेव्हा फ्रिज भाज्यांनी गच्च भरलेला होता. पण मुलगी शाळेतून आली, बूट झटकले आणि म्हणाली, "आज पिठलं ना?" त्या क्षणापर्यंत माझ्या मनात पिठलं नव्हतं. तिनं विचारलं आणि आमच्या घरात एक परंपरा सुरू झाली. कालनिर्णयात तिची तिथी नाही, कहाणी नाही, उद्यापन नाही. पंचांगाऐवजी आकाशाकडे बघायचं.

मला वाटतं फरक तिथे आहे. सवय माझी एकटीची असते. मोडली तर कुणाला जाब द्यावा लागत नाही. परंपरा मोडली तर कुणीतरी विचारतं, "का नाही केलं?" आणि त्याला तो विचारायचा हक्क असतो. म्हणजे परंपरा सुरू करणं हे एक प्रकारे वचन देणं आहे. दुसऱ्याला आपल्यावर एक छोटासा हक्क लिहून द्यायचा: अमुक दिवशी तू माझ्याकडून याची वाट बघ. काकांचा एक मुद्दा मात्र मी मानते. जे मी सुरू केलं ते मी बंदही करू शकते, मग त्याला वजन कसलं, असं ते म्हणतील. पण वाट बघणारं कुणी निर्माण झालं की बंद करणं माझ्या एकटीच्या हातात उरत नाही. वजन येतं ते तिथून.

आणि इथेच एक अवघड जागा आहे, तिच्यावरून आपण मंडळी फार सफाईनं उडी मारून जातो. वचन देतं कोण आणि ते पाळायला राबतं कोण? आमच्या ओळखीच्या एका घरी दिवाळीचा फराळ पाहण्यासारखा असायचा. चकल्या, कडबोळी, अनारसे, दोन प्रकारचे लाडू, करंज्या, सगळं घरचं. "आमच्याकडे विकतचं चालत नाही," असं घरातले पुरुष अभिमानानं सांगत. मग एका वर्षी त्या वहिनींचे मनगटाचे सांधे इतके सुजले की सोऱ्या फिरवता येईना. त्या दिवाळीत तो फराळ थांबला, कारण घरात दुसऱ्या कुणाला अनारशाचं पीठ किती दिवस भिजवायचं तेसुद्धा माहीत नव्हतं. सगळे हळहळले, "परंपरा खंडित झाली" म्हणाले. मला विचाराल तर ती त्या घराची परंपरा नव्हतीच. ती एका बाईची मेहनत होती, आणि तिला नाव मात्र घराण्याचं होतं. नोकरी करून, लेकाला पोहायच्या क्लासला सोडून, रात्री अकराला करंज्यांना मुरड घालणाऱ्या बाईला प्रेमापोटी हे सगळं करायला लावणं कितपत योग्य आहे, हा प्रश्न आपल्या कार्यक्रमांत भाषणाच्या वेळी निघत नाही. निघतो तो स्वयंपाकघरात, भांडी विसळताना, हळू आवाजात.

म्हणून मी साध्या पदार्थांच्या बाजूची आहे. आळसामुळे नव्हे. (थोडा आळसही आहे, नाकारत नाही.) जे सगळ्यांच्या हातांना जमतं तेच सगळ्यांचं होतं.

आपल्याच पूर्वजांनी हे ओळखलं होतं असं वाटण्याजोगी उदाहरणं आहेत. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं आणि गूळ, बस्स. संक्रांतीला तिळगुळाची वडी चुकली, पाक कच्चा राहिला, तरी बिघडत नाही. नुसते तीळ आणि गुळाचा खडा हातावर ठेवला आणि "गोड बोला" म्हटलं की संक्रांत झाली. तिथे पदार्थापेक्षा हात पुढे करण्याला महत्त्व. वर्षभर ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यापुढेही त्या दिवशी हात करावा लागतो, हे काही सोपं काम नाही, पण त्याला गॅस लागत नाही. आषाढातली कांदेनवमी घ्या. चातुर्मासात कांदा-लसूण बंद होणार म्हणून आधी एक दिवस भजी, थालीपीठ असं कांद्याचं पोटभर खाऊन घ्यायचं. ज्यांनी चातुर्मास केव्हाच सोडला तेही ही नवमी मात्र निष्ठेनं पाळतात! असो.

सर्वांत बोलकं उदाहरण कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली मंडळींचं. १९४८ नंतरच्या काही दशकांत त्यांच्यातले बहुतेकजण तिकडे गेले. देश बदलला, रोजची भाषा बदलली. टिकला तो मलिदा. नवस फेडताना, लग्नकार्यात, एलियाहू हन्नबीचं स्मरण करून भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर सुकामेवा आणि फळं असं ताट मांडतात आणि सगळे मिळून खातात. चूल पेटवावी लागत नाही. कुणी खोबरं खवावं, कुणी फळं चिरावीत, मुलांनी ताट सजवावं. मलिदा टिकण्यात श्रद्धेचा वाटा मोठा आहेच. पण त्याच्या सोपेपणाचाही असणार, असं मला राहून राहून वाटतं.

याचा अर्थ जुनं अवघड ते सोडून द्यावं असा नाही. नव्या परंपरेत एक उणीव राहतेच. आमचं पिठलं आम्हा तिघांना जोडतं, फार तर चौथ्याला. उकडीचा मोदक वळताना मात्र मी न पाहिलेल्या पणजीच्या बोटांची नक्कल करत असते, आणि ती गोष्ट मी कितीही ठरवलं तरी नव्यानं निर्माण करू शकत नाही. मुलांना दोन्ही हवं. मोदक वर्षातून एकदा, पण सगळ्यांनी वळायचे, पाकळ्या वाकड्या आल्या तरी. बाकी वर्षभर हलकं काहीतरी: जूनमध्ये शेतावर जाऊन तोडलेल्या स्ट्रॉबेऱ्यांचं शिकरण, ऑगस्टमध्ये मक्याच्या कणसांवर लिंबू-तिखट. भारतातला आंबा २००७ साली अमेरिकेत यायला लागला, तेव्हापासून आमच्याकडे हापूसची पहिली पेटी आली की ती घरात सगळे असतानाच उघडायची, असा नियम आहे. तोवर वास घ्यायचा.

लेक आता ह्यूस्टनला नोकरी करते. तिथे बर्फाची वाट बघायची तर काही वर्षं बघावी लागेल. म्हणून तिनं ठरवून टाकलंय की आमच्याकडे पडला की फोन करायचा. गेल्या वर्षी नोव्हेंबरात संध्याकाळी पहिले कण दिसले तसा तिच्या बाबांनी फोन लावला. तिकडे एसी चालू होता. तासाभरानं तिचाच फोन आला.

"आई, गुठळ्या झाल्यात. आणि मी त्यात पालक घातलाय, चालेल ना?"

"चालेल. आच मंद कर आणि डावानं कडेला दाबून फोड गुठळ्या," मी म्हटलं. "आणि भात लावलास का?"