चवीमागची अक्कल

आजीच्या स्वयंपाकाचा विषय निघाला की माया आणि हाताची चव या दोन गोष्टी हटकून बोलल्या जातात. दोन्ही खऱ्या आहेत, पण मला त्या अपुऱ्या वाटतात आणि थोड्या अन्यायाच्याही. माया सगळ्याच आज्या करतात. सगळ्यांचे मांडे काही खापरावरून न फाटता उतरत नाहीत. हातालाच चव होती असं म्हटलं की ती दैवाची देणगी ठरते आणि जन्मभराचं शिकणं, पारखणं, ताडून पाहणं हिशेबातून गळून जातं. माझी आजी साक्री तालुक्यातली, दिली अमळनेरकडे. शाळेची पायरी ती चढली नव्हती. तरी तिला जे येत होतं त्याला मी ज्ञानच म्हणतो.

कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळायचं, एवढीच तिची कृती. पण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी थापताना कडा चिरतात, निवली की ती कडक होते. उडदामुळे पीठ धरून राहतं आणि शेतात नेलेली भाकरी दुपारीही मऊ लागते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि उडदात ते चांगलं असतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीला ते नाव माहीत नव्हतं. कळणं खाल्लेली बाई निंदणीला दिवस काढते, हे तिला माहीत होतं. उडीद किती घालायचे ते ती ज्वारी मुठीत घेऊन ठरवायची. रब्बीची दादर असली तर वेगळे, खरिपाची असली तर वेगळे.

भरताचंही तसंच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला आनंद आहे. हिरवट पांढरं, मोठं, कमी बियांचं हे वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. कापूस वेचून झाला की त्या काड्या शेतात उभ्याच असतात, म्हणजे सरपण फुकटचं. शिवाय त्या भराभर पेटतात, त्यांची आच वांग्याला चहूबाजूंनी लागते आणि धुराचा वास आतपर्यंत उतरतो. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांगं ठेचायचं, वर शेंगदाणे, कांद्याची पात. मानांकन वांग्याला मिळालं हे योग्यच झालं. पण काडी कोणती, जाळ केव्हा कमी करायचा, वांगं कुठवर भाजायचं, हे ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आणलं त्यांची नोंद कुठल्या कागदावर आहे?

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. बाहेरचा माणूस त्या उन्हाला शिव्या देतो, आजी त्याची वाट पाहायची. ज्वारी आधी भिजवून, कांडून, भरडून ठेवलेली असे. पहाटे मोठ्या पातेल्यात ती तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची आणि ऊन चढण्याआधी ओल्या कापडावर बिबडे घालून व्हायचे. आळीतल्या बायका एकमेकींकडे पाळीपाळीने जात. पावसाळ्यात भाजी नसेल तेव्हा हेच बिबडे उपयोगी पडत. तापलेल्या दोन महिन्यांचं वर्षभराचं अन्न करण्याची ही योजना कुण्या एका बाईची नव्हती, सगळ्या आळीची होती.

या आठवणींत मला सगळ्यात अस्वस्थ करते ती कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि तिच्यासाठी रोट करतात. त्याचे गहू आणि हरभऱ्याची डाळ घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठींनी मोजतात. माझ्या नावाची मूठ पडताना मी ऐटीत उभा असायचो. दळणारी, पुरण शिजवणारी, रोट लाटणारी आजी मात्र त्या मोजणीत नव्हती. आपल्या नावाची मूठ नाही, हे तिला कधी लागलं का, हे मी विचारलं नाही. आम्ही तिच्या मायेचं कौतुक करतो तेव्हाही तिला असंच मोजणीबाहेर ठेवतो, असं मला वाटतं.

बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या, कारण मुलगा सोपानदेव यांनी त्या जपल्या आणि आचार्य अत्र्यांना त्यांचं मोल कळलं. जातं, चूल, शेत हाच त्यांचा विषय. दळता दळता सुचलेलं गाणं उतरवून घेतलं गेलं आणि अख्खा महाराष्ट्र थक्क झाला. त्याच जात्यातून पडलेलं पीठ मात्र रांधून, खाऊन संपलं. त्यात किती विचार होता याची चौकशी कुणी केली नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. त्या विद्यापीठाच्या परिसरातल्या गावागावांत जाऊन साठी-सत्तरीच्या बायकांकडून हे स्वयंपाकाचं शास्त्र उतरवून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

उतरवायचं ते मात्र नुसत्या कृती म्हणून नव्हे. मराठीत पाककृतींची पुस्तकं जुनी आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ने तर वाटी-चमच्याचं माप घरोघरी रुजवलं. त्या कामाचं मोल मोठं आहे. पण मांड्याची कणीक किती सैल हवी, ती हातावर कोपरापर्यंत खेळवताना केव्हा थांबायचं, हे वाटीत मावत नाही. तिथे ‘किती’ऐवजी ‘का’ विचारावं लागतं.

माझ्या काकूला मी तसं विचारू लागलो आहे. ती आता गॅसवर मांडे करते. आजी गेल्यावर चूल मोडली, तेव्हा पहिले काही मांडे मधेच करपले आणि कडेला कच्चे राहिले. “मधमा जास्ती तापस, कडाले आच लागत नही,” ती म्हणाली. मग तिने बर्नरवर जुना लोखंडी तवा ठेवला, त्यावर खापर पालथं घातलं आणि आच पसरवून घेतली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते तिच्या नावानिशी वहीत लिहून घेतलं. तिने दोनदा विचारलं की यात लिहिण्यासारखं काय आहे, आणि मग खापर नवं असेल तर आधी काय करावं लागतं ते सांगायला बसली.