सटवाईचा कागद आणि बाळाचा श्वास

मूल जन्मल्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे भाग्य लिहून जाते, ही श्रद्धा महाराष्ट्रातील अनेक घरांत पूजेच्या रूपाने आजही जिवंत आहे, आणि संस्कृत परंपरेतील षष्ठी देवीशी जिचे नाते जोडले जाते त्या या देवतेपुढे कोरा कागद व लेखणी ठेवण्याची रीतही ठिकठिकाणी पाळली जाते. या श्रद्धेच्या पोटात जो प्रश्न दडलेला आहे तो दर्शनग्रंथांइतका जुना असला, तरी तापाने फणफणलेल्या बाळाच्या उशाशी बसलेल्या आईबापांपुढे तो दर वेळी नव्याने उभा राहतो: आयुष्याची दोरी आधीच मोजून दिलेली असेल तर वैद्याकडे धाव घेण्यात अर्थ काय, आणि ती मोजून दिलेली नसेल तर झालेल्या उशिराचा जाब कोणी द्यायचा?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूंना, म्हणजे आत्रेयांना, जवळजवळ हेच विचारतो, आणि त्यावर मिळणारे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथाला शोभेल इतके रोकडे आहे. पूर्वदेहात आपणच केलेले कर्म म्हणजे दैव आणि या देहात आपण जे करतो तो पुरुषकार, अशी दोहोंची व्याख्या करून आत्रेय सांगतात की आयुष्य या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते आणि दुबळ्या दैवाला प्रबळ प्रयत्न मागे सारू शकतो. त्यासाठी त्यांनी दिलेला दृष्टांत गाडीच्या आसाचा आहे: निर्दोष आस योग्य रीतीने वापरला तर झिजत झिजत आपल्या वेळी संपतो, पण तोच आस अतिभाराने किंवा वाईट रस्त्याने वाटेतच मोडतो, आणि या दुसऱ्या मोडण्याला कोणी आसाची नियती म्हणत नाही.

मात्र हा दृष्टांत बालकाला लावताना त्यात एक गोष्ट वाढते, ती म्हणजे गाडीवान. प्रौढ माणूस आपली गाडी स्वतः हाकतो, आणि आपल्या दुखण्यापुढे त्याने दैव म्हणून मान तुकवली तर त्याला वैराग्य म्हणता येईल. परंतु तान्ह्या मुलाचा पुरुषकार दुसऱ्याच्या हाती असतो, आणि त्याच्या वतीने दैवाला संमती देण्याचा अधिकार आईबापांना कोणत्या शास्त्राने दिला, याचा शोध घेतल्यास हाती काही लागत नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा ही चार आधी येतात आणि दैव पाचवे येते. शिवाय दैवाचे ज्ञान होते ते फळ पदरात पडल्यावर, त्यामुळे दैव हे झालेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण होऊ शकते, पण मध्यरात्री दवाखाना गाठावा की सकाळची वाट पाहावी याचे कारण ते कधीच होऊ शकत नाही.

बालकाच्या आजारात कर्मविचार आणखी एका बाजूने अडचणीत येतो, कारण ज्याने या जन्मी अजून काहीच केलेले नाही त्याच्या दुःखाचे कारण कुठेतरी शोधावे लागते आणि ते बहुधा घरातच शोधले जाते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बालग्रह, म्हणजे मुलांना पछाडणाऱ्या शक्ती, नऊ सांगितल्या आहेत, त्यांत स्कंद, शकुनी, रेवती, पूतना ही नावे येतात. आणि ज्या कुळात देव, पितर व अतिथी यांचा मान राखला जात नाही, शुचिता पाळली जात नाही, तिथल्या मुलांवर या ग्रहांचा अधिकार चालतो, अशी उत्पत्तिकथाही तिथे दिलेली आहे. या कथेतला शुचितेचा आग्रह हिताचाच होता, पण तिची सावली आईवर पडली आणि मूल आजारी पडले की तिचे काय चुकले हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला; अपराधी ठरलेली आई वैद्यापुढे खरी हकीकत सांगताना कचरते, हे या विचाराचे सर्वांत महागडे फळ होय.

श्रद्धा आणि उपचार यांचा गुंता सर्वांत दाट होतो तो गोवर-कांजिण्यांच्या बाबतीत. अंगावर पुरळ उठले की देवी आली असे मानायचे, कडुलिंबाचा पाला ठेवायचा, घरात मोठ्याने बोलायचे नाही, बाहेरच्याला आत घ्यायचे नाही आणि औषध द्यायचे नाही, कारण औषधाने देवीचा कोप होतो, हा नियम मुळात ज्या रोगासाठी घडला त्या रोगाचेच नाव मराठीत देवी होते. त्या रोगावर कोणापाशीही खात्रीचे औषध नव्हते, त्यामुळे औषध नाकारल्याने फारसे काही गमावले जात नव्हते, उलट विलगीकरण आणि विसावा या दोन गोष्टी मात्र देवीच्या नावाने साधत होत्या. पुढे १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली, आणि लस टोचण्यालाच मराठी माणूस ‘देवी काढणे’ म्हणू लागला, म्हणजे भाषेने देवता आणि लस यांचा समेट पंडितांच्या कितीतरी आधी घडवून आणला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, पण त्याच्यासाठी केलेला औषधबंदीचा नियम मागे राहिला आणि गोवराला चिकटला. गोवराचे विषाणू मारणारे खास औषध नसले तरी गोवरामागून येणारा न्यूमोनिया, जुलाब आणि डोळ्यांची इजा यांवर उपचार आहेत, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रेने धोका कमी होतो, आणि नवव्या महिन्यानंतर व पुन्हा दुसऱ्या वर्षात दिल्या जाणाऱ्या लशीने तो मुळात टळतो. म्हणून जो नियम एके काळी निरुपद्रवी होता तोच आता जीवघेणा ठरतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात पसरलेल्या गोवराने मुले दगावली, ही घटना फार जुनी नाही.

मग वेळ कोणती, हे कसे ओळखायचे? न्यायदर्शन ज्ञानाची जी साधने, म्हणजे प्रमाणे, मानते त्यांत शब्द, अर्थात विश्वासार्ह माणसाचे सांगणे, हे एक आहे, आणि तान्ह्या मुलापाशी नेमके तेच नसते. त्यामुळे प्रत्यक्ष आणि अनुमान, म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या कारणाकडे जाणे, एवढ्यावरच भागवावे लागते. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत वेदनाध्याय नावाचा एक प्रकरणभर विचार यासाठीच आहे, ज्यात बोलू न शकणारे मूल कानाला हात लावते, डोके हलवते, दूध नाकारते, यांवरून कुठे दुखते ते कसे ताडावे हे सांगितले आहे. या खुणेला नैयायिक लिंग म्हणतात, आणि लिंग बरोबर दिसूनही अनुमान कसे चुकते याचे मराठी घरातले उत्तम उदाहरण टाळूचे आहे: जुलाबाने मूल सुकले की डोक्यावरची टाळू खोल जाते, हे आजीबाईंना अचूक दिसते, पण त्यावर टाळूत तेल भरण्याचा उपाय केला जातो, जेव्हा शरीरातून गेलेले पाणी परत भरण्याची गरज असते. जलसंजीवनी, म्हणजे मीठ-साखरेचे ठरावीक प्रमाणातले पाणी, आणि अंगावरचे दूध चालू ठेवून बहुतेक जुलाब घरीच सावरतात. मात्र डोळे खोल जाणे, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाणे, शौचात रक्त पडणे, किंवा मूल पाणीही पिईनासे होणे, ही लिंगे दिसली की घरगुती उपचाराची मुदत संपली.

श्वासाचे लिंग तर मोजता येते, आणि त्यासाठी घड्याळाखेरीज काही लागत नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा अधिक, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाऊ लागली, तर तो साधा खोकला राहिलेला नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांना अशी मोजणी शिकवून न्यूमोनियावर गावातच उपचार करून दाखवले. ताप हे मात्र फसवे लिंग आहे, कारण दोन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट एवढाच ताप असला तरी तत्काळ न्यावे लागते आणि गंभीर आजारात असे बाळ कधी तापण्याऐवजी गार पडते, तर मोठे मूल १०२ अंश तापातही खेळत असेल तर दोन दिवस धीर धरता येतो.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर येणारी आकडी पाहणाऱ्याचा जीव घाबरा करते, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची धडपड सुरू होते ती याच वेळी. वास्तविक मुलाला कुशीवर वळवून तोंडात काही न घालणे एवढेच तेव्हा करायचे असते. अशी आकडी बहुधा आपोआप थांबते, पण पाच मिनिटांत थांबली नाही तर क्षणभरही थांबू नये, आणि पहिली आकडी थांबल्यावरही मुलाला दाखवावेच. मूल सुस्त पडून उठेनासे झाले, प्रत्येक घोट उलटून पडू लागला, मान ताठली, तर विचार करायचे काही उरत नाही. याउलट वर्षातून सहा-आठ वेळा होणारी सर्दी विषाणूंची असते आणि प्रतिजैविकांना दाद देत नाही. तरीही प्रत्येक शिंकेला सुई मागणारी नवी श्रद्धा शहरांत बळावली आहे, आणि तिला नवसाहून निराळे नाव द्यावे असे काही तिच्यात दिसत नाही.

दृष्ट काढावी की नाही, हा वाद मग गौण ठरतो. चरकाने चिकित्सा तीन प्रकारची सांगितली: मंत्र, मणी, बली आदींची दैवव्यपाश्रय, आहार-औषधांची युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितापासून आवरणारी सत्त्वावजय; पण पहिली संपेपर्यंत दुसरीने दाराशी ताटकळावे, असा क्रम त्याने घातलेला नाही. मीठ-मोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटे लागतात आणि अंगारा वाटेत रिक्षातही लावता येतो. धोका आहे तो गुरुवारपर्यंत थांबा, पाच वाऱ्या करा, असे सांगून वेळ गिळणाऱ्या विधीत, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करण्याला गुन्हा ठरवताना बोट ठेवले आहे ते या रोखण्यावरच.

सहाव्या रात्री सटवाई काय लिहून गेली ते कोणालाच वाचता येत नाही, सकाळी कागद कोराच असतो. सातव्या दिवशी नवजात बालकाच्या गृहभेटीच्या वेळापत्रकानुसार आशाताई येते, बाळाला झोळीच्या काट्यावर तोलते, काखेत तापमापक धरते, मिनिटभर श्वास मोजते, आणि आपल्या तक्त्यात आकडे भरून तो आईला दाखवते.