बंदर सोडण्यापूर्वी

भाविक वाचकहो, वारकऱ्याने जहाजात बसून हौसेची सफर करावी काय, असा प्रश्न निघाला तर अनेकांच्या भुवया चढतील. आमच्याही चढल्या होत्या. परंतु सन २०२३ च्या नाताळच्या सुटीत चिरंजिवांनी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या एका प्रवासी जहाजाची तिकिटे काढली, नातवंडांनी घर डोक्यावर घेतले, आणि ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री म्हणाल्या, “एकडाव समुद्र तं पाहू द्या.” तेव्हा आमचा निरुपाय झाला.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. आम्हा लोकांना पाणी ठाऊक ते वर्धा नदीचे. नदीच्या पैलतीरी कौंडण्यपूर, रुक्मिणीमातेचे माहेर. तेथून आषाढीस पंढरपूरला पालखी जाते. गुडघ्यांनी साथ दिली तोवर मातोश्री त्या पालखीबरोबर पायी चालल्या. समुद्र मात्र त्यांनी कीर्तनातच ऐकलेला, तो भवसागर म्हणून.

रात्रभर सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये बसून सकाळी मुंबईस उतरलो आणि बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर गेलो. त्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, गीताजयंती. जहाज कसले, तरंगते नगरच ते! मजल्यांवर मजले, उपाहारगृहे, पोहण्याचा हौद, नाचगाण्याची दालने. ते पाहून आमचे मन अधिकच आकसले. वास्तविक जहाजाने आमचे काय बिघडवले होते? फराळाला केळी आणि दूध मागताच मिळाले. परंतु ‘आम्ही या लोकांतले नव्हे’ ही गाठ मनात घट्ट बसलेली. आम्ही खोलीत गेलो, पडदा ओढला, आणि ज्ञानेश्वरीचा सातवा अध्याय उघडून बसलो.

थोड्या वेळाने घोषणा झाली की, जहाज सुटण्यापूर्वी संकटसमयीची कवायत आहे, सर्वांनी नेमून दिलेल्या जागी जमावे. सूनबाई बोलवायला आल्या. आम्ही म्हणालो, “गळ्यात तुळशीची माळ आहे. आम्हाला ते जाकीट कशाला? तारणारा पांडुरंग समर्थ आहे.” वाक्य कानाला भक्तीचे वाटते खरे. होते मात्र ताठ्याचे.

भोंगा झाला. सात आखूड आणि शेवटी एक लांब. आम्ही जागचे हललो नाही. काही वेळाने दारावर थाप पडली. एक खलाशी नम्रपणे म्हणाला, “या खोलीतला एक माणूस मोजणीत कमी पडतो. सगळे थांबले आहेत.”

मुकाट्याने गेलो, तो काय पाहावे! महागड्या खोलीतले शेटजी आणि सर्वांत स्वस्त खोलीतले प्रवासी एकाच रांगेत उभे. सर्वांना जाकीट एकाच रंगाचे. वाळवंटात तरी याहून वेगळे काय असते? आणि त्या रांगेत आमच्या मातोश्री, तुळशीमाळेवर नारिंगी जाकीट, पट्टे नीट आवळलेले, सुजलेल्या गुडघ्यावर हात टेकून उभ्या. कोणी खुर्ची दिली होती, पण बसेनात. म्हणाल्या, “माहा पोरगा येऊ द्या, मंग बसतो.” आमच्या भक्तीचा भार त्या माउलीच्या गुडघ्यांवर पडला होता!

आम्हाला पाहून त्या एवढेच बोलल्या, “काहून रे बापू, इहिरीत पडल्यावर दोर वळत बसशीन का?”

वाचकहो, या कवायतीमागे फार मोठे दुःख आहे. १९१२ साली टायटॅनिक बुडाले. त्यानंतर १९१४ साली अनेक राष्ट्रांनी समुद्रावरील जीवरक्षणाचा करार केला. पुढे नियम असा होता की, प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवायत घ्यावी. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या सहाशेहून अधिक प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. चोवीस तासांची सवलत कागदावर होती, समुद्राने ती मानली नाही. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून नियम झाला की, कवायत जहाज सुटण्यापूर्वी, किंवा सुटताच. आपल्याकडचीही आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पल्ला तर जवळचाच होता. संकट काही पल्ला विचारून येत नाही.

आता परमार्थाकडे या. आपण काय म्हणतो? पोरांची लग्ने होऊ द्या, कापूस घरात येऊ द्या, मग नाम घेऊ. अंतकाळी म्हटले तरी चालते, अजामिळ नाही का तरला? पण भागवतातील ती कथा नीट पाहा. त्याने मुलाचे नाव नारायण ठेवले होते. जेवताना, पाणी पिताना, खेळवताना तो त्याला रोज हाक मारीत होता. यमदूत दिसले तेव्हा जिभेला नवे काही शिकावे लागले नाही, वळणाचे पाणी वळणाने गेले. नकळत झालेल्या सरावाचे हे फळ, तर मग जाणून केलेल्या नेमाचे किती? हरिपाठ, एकादशी, वारी ही आपली बंदरातली कवायत आहे. पाणी शांत आहे तोवरच पट्टे बांधायला शिकायचे.

कोणी म्हणेल, जाकीट घातले म्हणजे देवावरचा विश्वास उणा झाला. नव्हे. आमच्या मांडीवर जो अध्याय उघडा होता, त्यातच माउलींनी मायानदीचे रूपक केले आहे. स्वतःच्या बुद्धीच्या बळावर जे नदीत शिरले, त्यांना जाणतेपणाच्या डोहात गर्वाने गिळले, असे माउली तेथे सांगतात. आणि जे सर्वभावे देवाला भजले, त्यांना ते पाणी अलीकडच्या तीरावरच आटले. आम्ही ओव्या वाचीत होतो आणि त्याच डोहात गळ्यापर्यंत उभे होतो! मातोश्रींनी ना ओवी उघडली, ना कोणाला हिणवले. सांगितले तेथे उभ्या राहिल्या, मोजणीत आपले माणूस कमी आहे म्हणून बसल्या नाहीत. सर्वभावे भजणे ते हेच.

सायंकाळी जहाज सुटले. मुंबईचे दिवे मागे पडू लागले. आम्ही मातोश्रींची क्षमा मागितली, तर त्या म्हणाल्या, “ते राहू दे. दिवेलागण झाली, हरिपाठ घे.” डेकच्या एका कोपऱ्यात बसलो. नातवंडे मनोरे आणि झगमगाट पाहायला पळतील असे वाटले होते, पण धाकट्याने टाळ मागितले. टाळ घरी राहिले होते. मग त्याने हातांनीच टाळी धरली. शेजारचे दोन अनोळखी प्रवासीही येऊन बसले. घरी आम्ही चौघे चार खोल्यांत असतो. त्या दिवशी समुद्रावर घर एके ठिकाणी बसले.

म्हणून विनंती एवढीच की, सफरीला जा वा जाऊ नका, पण आज दिवे लागताच घरातली माणसे मोजा. कोण कमी आहे ते पाहा, आणि कमी असलेले आपणच असू तर मुकाट्याने उठून रांगेत या. भोंगा कधी होईल ते कोणाच्या हाती नाही, बंदरात आहो तोवरचा वेळ मात्र आपल्या हाती आहे.

रामकृष्णहरी.